कॅमेऱ्याचं निवेदन: अभिजात हॉलिवूडमधल्या छायालेखनाची चार उदाहरणं

साहित्याच्या वर्गात माध्यमांतराचा प्रश्न आला की आपली उत्तरं साधारण सारखीच असतात. कादंबरीतले कुठले प्रसंग सिनेमात ठेवले, कुठले गाळले, शेवट बदलला का, नायिकेचं वय कमी केलं का. हे सगळं लिहून झालं की शेवटी एक वाक्य येतं: 'छायाचित्रणही सुंदर आहे.' बस. कथानकाला चार पानं आणि कॅमेऱ्याला एक ओळ.

कादंबरी वाचताना आपण असं करत नाही. तिथे आपण विचारतो, गोष्ट कोण सांगतंय? निवेदक कुणाच्या बाजूला उभा आहे? त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही? सिनेमात यातलं बरंचसं काम कॅमेरा करतो. म्हणून हा लेख. १९४० ते १९५५ या काळातले चार हॉलिवूडचे सिनेमे घेऊ आणि प्रत्येकातली एकदोन दृश्यं नीट वाचू. माझं म्हणणं सोपं आहे: उत्तम छायालेखन म्हणजे नुसती डोळ्यांना सुखावणारी चित्रं नव्हेत. कुणाकडे पाहायचं, कुठून पाहायचं आणि किती वेळ पाहायचं, याचा तो निर्णय असतो. आणि या निर्णयात माणसांना दिलेला किंवा नाकारलेला मान असतो.

आधी शब्दाबद्दल थोडं

'फोटोग्राफी' या शब्दाचं मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ होतो प्रकाशाने लिहिणं. मराठीत मात्र आपण 'छायाचित्र', 'छायालेखन' म्हणतो. इंग्रजीने उजेड धरला, आपण सावली धरली. कृष्णधवल सिनेमाच्या बाबतीत मला आपला शब्द जास्त नेमका वाटतो. सेटवर दिवे लावणं हे अर्धंच काम. कुठला कोपरा अंधारात ठेवायचा हे ठरवणं उरलेलं अर्धं.

त्या काळातली नेहमीची पद्धत काय होती, हेही माहीत हवं. स्टुडिओत चेहऱ्यावर मुख्य दिवा असे, त्याला की लाइट म्हणतात. त्याने पडलेल्या सावल्या मऊ करायला दुसरा दिवा, फिल लाइट. आणि माणूस मागच्या भिंतीपासून सुटा दिसावा म्हणून पाठीमागून तिसरा, बॅक लाइट. स्टारचा चेहरा लखलखीत आणि मागचं सगळं जरा धूसर. सिनेमा स्टारच्या नावावर विकला जाई, त्यामुळे स्टुडिओला हे सोयीचं होतं. प्रेक्षकालाही सोयीचं, कारण कुठे पाहायचं ते आधीच ठरलेलं.

ही पद्धत वाईट होती असं नाही. तिच्यातही मोठी कामं झाली. शिवाय तिच्या बाहेर जाणारी माणसंही सुरुवातीपासून होतीच. पहिला ऑस्कर समारंभ १९२९ साली झाला, त्यात छायालेखनाचं पारितोषिक चार्ल्स रोशर आणि कार्ल स्ट्रस यांना मिळालं, 'सनराइज' या १९२७ च्या मूकपटासाठी. त्यात दलदलीतून चालणाऱ्या नायकाच्या मागोमाग कॅमेरा असा तरंगत जातो, की आज पाहतानाही हे कसं केलं असेल असा प्रश्न पडतो. कॅमेरा वरच्या रुळांना टांगला होता, हे त्याचं उत्तर. पण आपण पुढे जाऊ.

एक: मेणबत्ती आणि सावल्या – 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (१९४०)

जॉन स्टाइनबेकची कादंबरी १९३९ ची, जॉन फोर्डचा सिनेमा लगेच पुढच्या वर्षीचा. छायालेखक ग्रेग टोलँड. ओक्लाहोमातली कुळं कर्ज, दुष्काळ आणि ट्रॅक्टर यांच्यापायी जमिनीवरून हाकलली जातात आणि कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागतात, ही गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल.

तुरुंगातून सुटलेला टॉम जोड, म्हणजे हेन्री फोंडा, रात्री आपल्या घरी येतो. घर रिकामं आहे. तो मेणबत्ती पेटवतो. अंधारात लपून बसलेला म्युली नावाचा शेजारी त्या उजेडात दिसतो आणि काय घडलं ते सांगायला लागतो. संपूर्ण खोलीत जेवढा उजेड त्या एका ज्योतीचा वाटावा, तेवढाच टोलँडने ठेवला आहे. चेहऱ्याचा अर्धा भाग दिसतो, उरलेला काळोखात बुडालेला. नेहमीच्या पद्धतीत मागे मऊ उजेड सोडला असता, आपल्याला घर दिसलं असतं, भिंती दिसल्या असत्या. इथे तसं नाही. ज्याचं घर गेलं त्याच्याभोवती घर दिसतच नाही.

म्युलीच्या सांगण्यात ट्रॅक्टर येतो आणि त्याचं घर पाडतो. म्युली आणि त्याची माणसं बघत उभी राहतात. मग कॅमेरा त्यांच्यावरून खाली सरकतो आणि जमिनीवर पडलेल्या त्यांच्या सावल्यांवर थांबतो. त्या सावल्यांखाली ट्रॅक्टरच्या पट्ट्यांचे माग उमटलेले आहेत. कादंबरी वाचलेल्यांना आठवेल, स्टाइनबेक जोड कुटुंबाची गोष्ट मधेच थांबवून हजारो कुळांबद्दल सर्वसाधारण प्रकरणं लिहितो. सिनेमात अशी प्रकरणं कशी आणायची? टोलँड आणि फोर्ड चेहरे काढून घेतात आणि सावल्या ठेवतात. चेहरा म्युलीचा असतो, पण सावली कुठल्याही कुळाची असू शकते. माध्यमांतर म्हणतात ते हे.

आणखी एक दृश्य. घर सोडण्याआधी आई जुन्या वस्तूंची पेटी उघडते. पत्रं, चित्रं, छोट्यामोठ्या आठवणी एकेक करून चुलीत टाकते. मग जुनी कानातली सापडतात. ती कानांशी धरून स्वतःचं प्रतिबिंब पाहते. एकही संवाद नाही. जेन डार्वेलच्या चेहऱ्यावर मंद उजेड आहे आणि कॅमेरा घाई करत नाही. याच भूमिकेसाठी तिला साहाय्यक अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला. छायालेखनासाठी मात्र या सिनेमाला नामांकनही नव्हतं. त्याच वर्षी टोलँडला नामांकन होतं, पण ते फोर्डच्याच 'द लाँग व्हॉयेज होम'साठी.

दोन: खिडकीतला मुलगा – 'सिटिझन केन' (१९४१)

या सिनेमावर इतकं लिहिलं गेलंय की नव्याने काय सांगायचं असं वाटतं. म्हणून एकच दृश्य सावकाश बघू, आणि मग तंत्राकडे वळू.

कोलोराडोतलं एक साधं घर. बाहेर बर्फात छोटा चार्ल्स खेळतोय. कॅमेरा मागे येतो, तेव्हा कळतं की आपण खिडकीतून पाहत होतो. तो आणखी मागे येतो, खोली ओलांडून टेबलापर्यंत. आता चौकटीत तीन थर आहेत. पुढे टेबलाशी आई आणि बँकर थॅचर, कागदपत्रं घेऊन. मध्ये अस्वस्थ उभे असलेले वडील. आणि अगदी मागे, खिडकीच्या छोट्या चौकोनात, बर्फात खेळणारा मुलगा. तिन्ही थर सारखेच स्पष्ट. आई सही करते. त्या सहीने मुलगा आईवडिलांपासून तुटणार आहे, आणि तो मागे ओरडत, बागडत खेळतोय. त्याला काहीच माहीत नाही.

हेच दृश्य तुकड्यातुकड्यांत घेता आलं असतं. आईचा चेहरा, मग सही, मग मुलगा, मग वडील. तसं केलं असतं तर दिग्दर्शकाने बोट धरून आपल्याला फिरवलं असतं. इथे सगळं एकाच वेळी समोर आहे आणि नजर आपली आपण फिरवायची आहे. मोठ्यांचं बोलणं ऐकताना मुलाकडे लक्ष ठेवायचं की नाही, हे आपल्यावर सोडलं आहे. वडील जाऊन खिडकी लावतात, मुलाचा आवाज बंद होतो. नंतर आई उठते आणि तीच खिडकी पुन्हा उघडते. या बाईचं मुलावर प्रेम आहे का, याचं उत्तर संवादात शोधणाऱ्याने ही खिडकी पाहावी.

याला डीप फोकस म्हणतात: जवळचं आणि दूरचं एकाच वेळी स्पष्ट दिसणं. ते कसं जमतं? दूरच्या बसचा बोर्ड वाचताना आपण डोळे बारीक करतो, तेव्हा अक्षरं जरा स्पष्ट होतात. लेन्सचंही तसंच. तिचं छिद्र लहान केलं की अधिक खोलीपर्यंत चित्र स्पष्ट येतं. पण छिद्र लहान केलं की उजेड कमी आत येतो, म्हणजे सेटवर दिवे प्रखर हवेत आणि फिल्म जास्त संवेदनशील हवी. टोलँडने शक्तिशाली आर्क दिवे वापरले, त्या वेळची नवी वेगवान फिल्म वापरली, रुंद कोनाच्या लेन्स वापरल्या, आणि काचेवरून उजेड परावर्तित होऊन वाया जाऊ नये म्हणून लेप दिलेल्या लेन्स घेतल्या. यातली एकेक गोष्ट इतरांकडेही होती. त्याने त्या एकत्र आणल्या आणि गोष्ट सांगायला लावल्या.

प्रत्येक वेळी एवढ्यानेही भागलं नाही. सुझनच्या आत्महत्येच्या प्रयत्नाच्या दृश्यात पुढे पेला आणि औषधाची बाटली आहे, मध्ये अंथरुणात सुझन, मागे दार. तिथे एकच फिल्म दोनदा चालवली आहे. आधी पुढचा भाग उजेडात आणि मागचा काळोखात, मग फिल्म मागे नेऊन उलट. म्हणजे ज्याला आपण 'वास्तव' म्हणतो, ते रचावं लागतं. वास्तववादी कादंबरीबद्दलही आपण हेच शिकतो.

अजून एक. त्या काळच्या सेटना सहसा छत नसे, कारण दिवे वरून टांगलेले. 'केन'मध्ये कॅमेरा इतका खाली ठेवला आहे की छत दाखवावंच लागतं. ती छतं कापडाची होती आणि मायक्रोफोन त्यांच्या वर लपवले होते. निवडणूक हरल्यावर केन आणि लिलँड बोलतात त्या दृश्यासाठी तर जमीन खोदून कॅमेरा खाली उतरवला. खालून पाहिलेला माणूस मोठा दिसतो, हे सगळे सांगतात. पण इथे केन मोठा दिसतो आणि डोक्यावरचं छतही त्याला दाबतं. हरलेला आणि तरीही अवाढव्य.

वेल्स तेव्हा पंचविशीत होता आणि हा त्याचा पहिलाच पूर्ण लांबीचा व्यावसायिक सिनेमा. त्याने श्रेयनामावलीत आपलं नाव आणि टोलँडचं नाव एकाच पाटीवर ठेवलं. आपल्या शेजारी कॅमेरामनचं नाव लिहिणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. छायालेखनाचा ऑस्कर त्या वर्षी आर्थर मिलरला गेला, 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'साठी.

तीन: कोपऱ्यातला फोन – 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' (१९४६)

टोलँडचाच आणखी एक सिनेमा, दिग्दर्शक विल्यम वायलर. दुसऱ्या महायुद्धातून तीन माणसं एकाच गावात परत येतात. त्यातला होमर खलाशी आहे, त्याचे दोन्ही हात गेलेत आणि त्यांच्या जागी आकडे बसवलेत. ही भूमिका करणाऱ्या हॅरॉल्ड रसेलने सैन्यात असताना खरोखरच दोन्ही हात गमावले होते.

गावातल्या बारमधलं दृश्य पाहा. अल नावाच्या माणसाने फ्रेडला नुकतंच बजावलंय की माझ्या मुलीचा नाद सोड. फ्रेड उठून अगदी मागच्या कोपऱ्यातल्या फोन बूथमध्ये जातो, तिला फोन करून संबंध तोडायला. पुढे, आपल्याजवळ, होमर आपल्या मामासोबत पियानो वाजवतोय. आकड्यांनी. अल पियानोशी उभा राहून ऐकतो, पण त्याची नजर वळून बूथकडे जाते.

फोनवरचा एक शब्दही आपल्याला ऐकू येत नाही. गोष्टीच्या दृष्टीने महत्त्वाची घटना पडद्यावर सगळ्यात लहान आहे, आणि जवळ जे घडतंय त्याचा कथानकाशी फारसा संबंध नाही. मग ते पुढे का? फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ याने या दृश्याबद्दल लिहिलं आहे. त्याच्या विवेचनाचा रोख असा, की अशा रचनेत प्रेक्षकाला निवडीचं स्वातंत्र्य मिळतं आणि त्याबरोबर लक्ष देण्याची जबाबदारीही. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. फ्रेडचं मन मोडण्याचा क्षण असला, तरी होमरने आकड्यांनी एक गाणं वाजवायला शिकणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही. कॅमेरा त्याला फ्रेडच्या दुःखासाठी बाजूला सारत नाही. दोघांनाही एकाच चौकटीत जागा देतो.

म्हणूनच हे छायालेखन मला 'केन'च्या तोडीचं वाटतं, कदाचित जास्त अवघड. 'केन'मध्ये कॅमेरा लक्ष वेधून घेतो. इथे तो जाणवतच नाही. या सिनेमाने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह बरेच ऑस्कर मिळवले, पण छायालेखनासाठी नामांकनसुद्धा नव्हतं. टोलँडला त्याच्या कारकिर्दीत एकच ऑस्कर मिळाला, 'वुदरिंग हाइट्स'साठी. तोही वायलरसोबतचाच, १९३९ चा. १९४८ साली, अवघ्या ४४ व्या वर्षी, तो गेला.

चार: उजेडात न दिसणारा माणूस – 'द नाइट ऑफ द हंटर' (१९५५)

आता टोलँडच्या अगदी उलट टोकाला जाऊ. डेव्हिस ग्रबच्या कादंबरीवरचा हा सिनेमा नट चार्ल्स लॉटनने दिग्दर्शित केला. तो चालला नाही आणि लॉटनने पुन्हा कधी सिनेमा दिग्दर्शित केला नाही. छायालेखक स्टॅन्ली कॉर्टेझ.

हॅरी पॉवेल हा स्वतःला धर्मोपदेशक म्हणवणारा खुनी आहे. भूमिका रॉबर्ट मिचमची. लपवलेल्या पैशांसाठी तो एका विधवेशी लग्न करतो, तिला मारतो आणि तिच्या दोन मुलांच्या मागे लागतो. कॅमेरा इथे मुलांच्या भीतीच्या बाजूने पाहतो, त्यामुळे सगळं थोडं दुःस्वप्नासारखं आहे. विलाला मारलं जातं ती शयनखोली उतरत्या छपराची, टोकदार, एखाद्या लहान चॅपेलसारखी दिसते. ती हात छातीवर घेऊन निजलीय आणि भोवती काळोख. मग पाण्याखाली गाडीत बसलेला तिचा देह आणि पाणवनस्पतींबरोबर हलणारे तिचे केस. इतकं भयंकर दृश्य इतकं शांत कसं, असा प्रश्न पडतो. गवताच्या माळ्यावर लपलेल्या जॉनला क्षितिजावर घोड्यावरच्या पॉवेलची काळी आकृती दिसते, तेव्हा त्या सेटवर अंतर भासवण्यासाठी तट्टावर बुटका माणूस बसवला होता. 'केन'मध्ये खोली लेन्सने मिळवली, इथे चक्क आकार बदलून. दोन्हीकडे हेतू एकच: पात्राला काय वाटतंय ते अंतरातून दाखवणं.

पण मला जे दृश्य सांगायचंय ते पुढचं. मुलांना आसरा देणारी रेचल, म्हणजे मूकपटांच्या काळातली मोठी नटी लिलियन गिश, जाळी लावलेल्या व्हरांड्यात रात्री बंदूक घेऊन बसलीय. ती अंधारात, तिची फक्त बाह्यरेषा दिसते. बाहेर पॉवेल बसून एक भक्तिगीत गातोय. रेचलही तेच गीत गाऊ लागते, त्याच्या सुरात सूर मिसळून. तेवढ्यात घरातली मुलगी पेटती मेणबत्ती घेऊन येते. तो उजेड जाळीवर पडतो आणि जाळीपलीकडचं दिसेनासं होतं. मेणबत्ती विझवल्यावर पाहतो तर पॉवेल जागेवर नाही.

रात्री खिडकीच्या जाळीतून बाहेर पाहताना घरातला दिवा लावला की काय होतं, हे आपल्याला माहीतच आहे. कॉर्टेझने हा रोजचा अनुभव घेतला. पण त्यातून जे निघतं ते मोठं आहे. आम्ही जी मुलं चर्चच्या वातावरणात वाढलो, त्यांना उजेड म्हणजे चांगलं आणि अंधार म्हणजे वाईट ही प्रतिमा लहानपणापासून ओळखीची. पॉवेलही तीच भाषा बोलतो, धर्माचीच सगळी भाषा त्याला पाठ आहे. त्याच्या तोंडचं गीत आणि रेचलच्या तोंडचं गीत एकच. मग खरं कोण आणि खोटं कोण, हे शब्दांवरून कसं कळणार? सिनेमा सांगतो, कोण काय गातंय यापेक्षा कोण कुणाची राखण करतंय ते पाहा. खरी श्रद्धा असलेली बाई इथे अंधारात बसलीय, कारण तिला मुलांवर लक्ष ठेवायचंय. ही गोष्ट एकाही संवादात नाही. ती फक्त छायेत आहे.

पाहताना विचारायचे प्रश्न

वरच्या चारही उदाहरणांतून काही प्रश्न हाती येतात. कुठलाही सिनेमा अभ्यासताना ते वापरता येतील.

१. उजेड कुठून येतोय असं भासवलंय? खिडकी, दिवा, मेणबत्ती? आणि तो कुणाच्या चेहऱ्यावर पोहोचत नाही?

२. चौकटीत किती थर आहेत? महत्त्वाची घटना पुढे आहे की मागे?

३. कॅमेऱ्याची उंची काय? पात्राच्या डोळ्यांच्या पातळीवर, खाली की वर?

४. शॉट कधी तुटतो? तो आणखी दोन सेकंद चालला असता तर आपण काय पाहिलं असतं?

५. ज्याच्या आयुष्याचा निर्णय होतोय, ती व्यक्ती चौकटीत आहे का? असेल तर कुठे?

पाचवा प्रश्न माझ्या मते सगळ्यात उपयोगी आहे, आणि तो सिनेमापुरताही नाही. 'केन'मधल्या खिडकीतल्या मुलासारखी माणसं कथांमध्ये, कादंबऱ्यांमध्ये, बातम्यांच्या फोटोंमध्येही असतात. सही पुढे होते, ती माणसं मागे कुठेतरी.

एक व्यावहारिक सूचना. हे सिनेमे बसमध्ये मोबाईलवर पाहू नका. सहा इंचांच्या स्क्रीनवर बारमधला फोन बूथ म्हणजे नुसता ठिपका होतो आणि टोलँडची सगळी मेहनत वाया जाते. निदान लॅपटॉप घ्या, खोलीतला दिवा बंद करा. जमलं तर मंडळाच्या एखाद्या शनिवारी प्रोजेक्टर लावून एकत्रच पाहू.

सुरुवात 'ग्रेप्स ऑफ रॉथ'पासून केलेली बरी. आधी कादंबरीतलं ट्रॅक्टरचं पाचवं प्रकरण वाचा, मग म्युलीचं दृश्य आवाज बंद करून पाहा आणि मग आवाजासह. त्यावर फक्त एक परिच्छेद लिहा. अट एवढीच, 'सुंदर' हा शब्द वापरायचा नाही.